फोन कोणी केला

विमलबाईने पोलिसांना फोन केला तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. बंद दाराआडचा आवाज थांबला होता.

आवाज येत होता तोवर ती परसात जवळ्याची सुकी मासळी निवडत बसली होती. असं याआधीही व्हायचं. निकेश पहिल्या शिफ्टवरून यायचा, जेवायचा, आणि मग आमटी अळणी असली किंवा दिपिकाने भावाला फोन केलेला असला, की खोलीचं दार आतून लागायचं. विमलबाई तेव्हा सूप पुढ्यात ओढून काडीकचरा वेचत राहायची. हात चालते राहिले की कान जरा बंद होतात. पण त्या दुपारी दिपिका "सोडा, सोडा" म्हणत होती ती मध्येच गप्प झाली, आणि त्यानंतर काहीच नाही. रडणं नाही, भांडं पडलं नाही. ओटीवर बाहुलीला निजवत बसलेली चार वर्षांची दिशासुद्धा मान वर करून दाराकडे बघायला लागली.

विमलबाई उठली. दाराला हात लावायची तिची छाती झाली नाही. ती पेंढ्याच्या उडवीमागे गेली आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला एकशे बारा नंबर तिने लावला. पलीकडची बाई म्हणाली, "नाव सांगायचं नसेल तर राहू द्या मावशी. गाव सांगा." विमलबाईने गाव सांगितलं, खाडीकडचा रस्ता सांगितला आणि म्हणाली, "लवकर या. सून बोलत नाय." थोड्या वेळाने गाडीतल्या पोलिसाने रस्ता विचारायला उलट फोन केला. पदरातला फोन वाजला तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी पोटाशी असा दाबून धरला, जसा काही तो फोन नव्हेच, ओरडणारं मूल आहे.

पोलीस आले, त्यांनी दार उघडायला लावलं. दिपिका जिवंत होती. जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, एक हात गळ्याशी, दुसरा मांडीवर नुसता पडलेला. तिला आणि दिशाला एका गाडीने पेणच्या सरकारी दवाखान्यात नेलं, निकेशला दुसऱ्या गाडीत बसवलं. जाताना दिपिकाने सासूकडे बघितलंही नाही.

निकेश दारू पीत नव्हता. धरमतरच्या जेटीवर बार्जमधला कोळसा उतरवणाऱ्या क्रेनवर तो कामाला होता, गावात कोणाच्याही अडीअडचणीला धावून जायचा. त्यामुळे गाडी गेल्यावर बांधावर जमलेली माणसं विमलबाईकडेच विचित्र नजरेने बघत होती. "काय झालं गो?" कोणीतरी विचारलं. "माहीत नाय," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या रात्री तिला लागलीच झोप लागली. पोलीस घेऊन गेले म्हणजे झालं, असं तिला वाटलं होतं. आता कोर्टात काय ते होईल, साहेब लोक काय ते बघतील. पोराने काही खाल्लं असेल का, एवढा एकच विचार तिला पडल्या पडल्या आला, आणि त्या विचाराची तिला लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या आत निकेश सहाआसनी रिक्षातून उतरून घरात आला.

विमलबाई चुलीपाशी होती. त्याची सावली उंबऱ्यावर पडली तेव्हा तिच्या हातातला चमचा भांड्यातच राहिला. त्याने माठातलं पाणी घेतलं, सगळा तांब्या रिकामा केला आणि भिंतीशी टेकून बसला.

"नोटीस दिलीन नि सोडला," तो म्हणाला. "बोलावतील तेवा जायचा. झाला."

"बरं," विमलबाई म्हणाली.

"आये, फोन कोनी केला?"

तिने चुलीत फुंकर मारली. विस्तव चांगला पेटलेला होता, तरी मारली. "मला काय माहीत. मी परसात होती."

"मला ठाण्यात सांगत नव्हते. सांगत नाय म्हंजे आजूबाजूचाच कोन तरी हाय." तो तिच्याकडे बघत नव्हता, कुडाच्या फटीतून शेजारच्या घराकडे बघत होता. "आरडाओरड करून काय होत नाय. मी शोधीन."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. निकेश ओरडायचा तेव्हा त्याचा राग बाहेर पडून जायचा. तो असा हळू बोलायला लागला की विमलबाई जपून राहायची. तो लहान असताना त्याच्या बापाचा आवाज असाच खाली जायचा.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. सकाळी त्याच्या आधी उठायचं, डबा करायचा, तो शिफ्टला गेला की ओटीवर बसून श्वास घ्यायचा. त्याच्या मोटारसायकलचा आवाज खाडीच्या पुलावरून येताना ओळखू यायचा. आवाज आला की पदर नीट करायचा, तोंड नीट करायचं. फोन ती आता तांदळाच्या डब्यात ठेवायची. त्यात तो नंबर अजून असेल का, असला तर तो पुसायचा कसा, हे तिला माहीत नव्हतं, आणि विचारायचं तर कोणाला? घरात दिशा नव्हती, दिपिका नव्हती. घरात ती आणि तिचा मुलगा होते.

मग एका सकाळी शेजारच्या धोंडुबाईचे वाळत घातलेले बोंबील दांडीसकट गटारात पडलेले सापडले. धोंडुबाई एकटी, तिच्या स्वयंपाकघराची खिडकी निकेशच्या खोलीसमोर. दुसऱ्या दिवशी तिच्या नळाचा पाइप कापलेला होता. निकेश तिच्या दारासमोर उभा राहून दात घासत होता, बराच वेळ, तिच्या दाराकडे बघत.

तो कामावर गेल्यावर धोंडुबाई कुंपणापाशी आली.

"विमल, फोन मी नाय केला गो."

"माहीत हाय," विमलबाई म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो.

धोंडुबाईने तिच्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. "मी कोनाला सांगनार नाय. पन मीपन एकटी बाय हाय. तो रोज माज्या दारात उभा रातो. माजा जीव थाऱ्यावर नाय."

आपलं भय आपण शेजारणीच्या अंगणात टाकलं, असं विमलबाईला वाटलं. पण खरं सांगून टाकायचं तर ते कुठे, कोणाला?

त्याच आठवड्यात पोलीस पुन्हा आले. या वेळी पंचनाम्याला. खोली बघितली, दाराची कडी बघितली, फोटो काढले. बरोबर मृणाली नावाची तरुण महिला शिपाई होती. तिने विमलबाईला ओटीवर बसवलं आणि विचारलं, "आजी, त्या दुपारी काय झालं?"

निकेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. हाताची घडी घातलेली. शांत.

"मी जवळा निवडत होती," विमलबाई म्हणाली. "मला काय ऐकू नाय आलं."

"काहीच नाही?"

"मला ऐकू कमी येतं."

मृणालीने लिहिणं थांबवलं. "बरं. जरा पाणी मिळेल का?" म्हणत ती उठली आणि विमलबाईच्या मागोमाग सरळ स्वयंपाकघरात आली. तांब्या हातात घेताना ती अगदी खालच्या आवाजात बोलली. "फोन कोणाचा ते मला ठाऊक आहे. माझ्याकडून कोणाला कळणार नाही. तुमच्या सूनबाई रोह्याला आहेत, वरसेला, भावाकडे. हाताला प्लास्टर आहे, बाकी बऱ्या आहेत. आजी, तुमचा जबाब इथेच द्यायला हवा असं नाही. त्याच्यासमोर द्यायचा तर मुळीच नाही. दुसरीकडे कुठे असाल तर तिथे घेऊ."

"पोलिसांनी त्याला सोडलं कशाला गो?" विमलबाईने विचारलं. हा प्रश्न तिच्या छातीत त्या दिवसापासून अडकला होता.

"या कलमात आधी नोटीस देतात आजी, लगेच आत ठेवत नाहीत. पण त्या नोटिशीत लिहिलेलं असतं, कोणाला धमकावायचं नाही म्हणून. धमकावलं तर आम्हाला अटक करता येते. पण ते कोणीतरी आम्हाला सांगायला हवं ना."

पोलीस गेले. निकेश आत आला.

"ती आत काय बोलत होती?"

"पानी मागितलंन."

त्याने तिचा उजवा हात मनगटाशी धरला. जोरात नाही. फक्त धरला, आणि अंगठा तिच्या करंगळीवर ठेवला. दोन वर्षांपूर्वी त्यानेच ती करंगळी पिरगळली होती, आणि ती मिठागराच्या बांधावरून घसरून पडली असं विमलबाईने सगळ्यांना सांगितलं होतं. डॉक्टरलाही. दिपिकालासुद्धा.

"आये," तो म्हणाला, "तू वरसेला जा. दिपिकाला घेऊन ये. तुजं ती ऐकेल. तिला सांग केस मागं घे, मी काय बोलनार नाय. नवरा-बायकोत होतं थोडं."

"नि नाय आली तर?"

"येईल. तू आई हाईस, तू पाया पडलीस तरी येईल." त्याने हात सोडला. "तिला न घेता तू परत येऊ नको."

त्याने स्वतः तिला मोटारसायकलवरून पेण स्टेशनला सोडलं. तिकीट काढून दिलं, पाण्याची बाटली घेऊन दिली, बाकावर तिच्याशेजारी बसून राहिला. कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय गुणी मुलगा आहे. गाडी आली तेव्हा तो खिडकीशी वाकून म्हणाला, "मी फोन करीन. उचल."

रोह्याच्या गाडीत गर्दी नव्हती. कासूची भातखाचरं मागे पडली, नागोठणं गेलं, आणि पेण जसजसं लांब जायला लागलं तसतशी विमलबाईची भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली. मागे निकेश होता. पुढे दिपिका होती, जिचा आवाज दाराआड ती इतकी वर्षं ऐकत आली आणि जवळा निवडत राहिली. ती कशाला आपल्याला दारात उभं करील? आणि नाही केलं तर रात्रीला जायचं कुठे?

वरसेला साहिलचं घर नव्या वस्तीत होतं, दोन खोल्यांचं. दार साहिलनेच उघडलं. त्याने तिला बघितलं, मग तिच्या मागे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं.

"एकट्याच आलात?"

"व्हय."

"त्याने पाठवलंय."

"व्हय," विमलबाई म्हणाली. खोटं बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती. "दिपिकाला घेऊन ये म्हनाला. केस मागं घ्यायला सांग म्हनाला."

साहिल दार लावून घेणार तेवढ्यात त्याच्या पायांमधून दिशा बाहेर आली आणि आजीच्या लुगड्याला बिलगली. आतून साहिलची बायको वैशाली म्हणाली, "अहो, म्हातारं माणूस उन्हातून आलंय. पाणी तरी पिऊ द्या."

दिपिका आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हात गळ्यात बांधलेला, गळ्यावरचे डाग आता पिवळे पडलेले. ती पुढे आली नाही.

"आई, मी येणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही रडा, पाया पडा, काही करा. मला तिथे परत घालू नका."

"मी न्यायला नाय आली."

"मग?"

विमलबाई दाराजवळच खाली बसली. "फोन मी केला होता. पोलिसांना. तुजा आवाज येईना म्हनून."

बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला. दिपिका हळूहळू खाली बसली, सासूसमोर, पण हातभर अंतर ठेवून.

"मला वाटलं धोंडुबाईंनी केला," ती म्हणाली. मग मान वर करून, "तुम्ही इतके दिवस त्याच्याजवळ एकट्या होतात?"

तेवढ्यात पदरातला फोन वाजला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. दिशा मामीच्या मागे जाऊन उभी राहिली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. विमलबाईने फोन कानाला लावला.

"पोचलीस?"

"व्हय."

"काय म्हनते?"

"विचार करते," विमलबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"तिला विचार कशाला करायला पायजे? मी येतो मंग," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

साहिलने आधी रोह्याच्या पोलिसांना फोन लावला, मग संरक्षण अधिकारी नमिता मॅडमना. दिपिकाची सगळी कागदपत्रं त्यांनीच केली होती. त्या म्हणाल्या, घरात बसू नका, ऑफिसात या, सगळे या. रिक्षात विमलबाई पडद्याच्या बाजूला अंग चोरून बसली होती आणि प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला दिपिकाचा चांगला हात तिच्या गुडघ्यावर आवळत होता. तो हात तिने मुद्दाम ठेवला होता की भीतीने तिथे गेला होता, विमलबाईला कळलं नाही.

नमिता मॅडम पन्नाशीच्या होत्या आणि घाईत बोलत नव्हत्या. त्यांनी समजावलं की केस अशी घरात बसून मागे घेता येत नाही, आणि कोणी घ्यायला लावत असेल तर तोही गुन्हा आहे. पोलिसांचं काम वेगळं चालेल, आणि इथल्या न्यायाधीशांकडे अर्ज केलाय, तो वेगळा चालेल. त्यात त्याला दिपिकाजवळ यायची बंदी मागितली आहे. "तारखा पडतील," त्या म्हणाल्या. "तो जामिनावर फिरताना दिसेल. नातेवाईक समजावायला येतील. एका दिवसात सुटणारं नाही हे, आधीच सांगते." मग त्या विमलबाईकडे वळल्या.

"आजी, तुमच्यावर कधी हात उचललाय त्याने?"

विमलबाई "नाय" म्हणायला तोंड उघडून बसली. हा शब्द तिच्या जिभेवर तयारच असायचा. समोरच्या टेबलावर पंखा घुं घुं करत होता. दिपिका तिच्याकडे बघत होती.

"करंगळी," ती म्हणाली. "बांधावरून नाय पडली मी." आणि मग एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. चुलीतलं जळतं लाकूड, दवाखान्यात न नेलेली ती रात्र, खोलीला लावलेलं बाहेरचं कुलूप. ती सांगत होती आणि एकीकडे तिला वाटत होतं की हे आता त्याला कळणार, आता तो ऐकणार, कुठूनतरी ऐकणारच.

"घर कोणाच्या नावावर आहे?" मॅडमनी विचारलं.

"माज्या. ह्यांनी मरायच्या आदी करून दिलं."

"मग तुमचाही अर्ज करू. आई पण अर्ज करू शकते."

संध्याकाळी ते परत आले तेव्हा निकेश साहिलच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभा होता. मोटारसायकल स्टँडवर, हात खिशात. रिक्षावाल्याने न सांगता रिक्षा थेट दाराला टेकवली. ते आत गेले, कडी लावली, खिडक्या लावल्या. तो ओरडला नाही. आला नाही. नुसता उभा राहिला. वैशालीने गॅस बंद केला, जसा काही त्याचा आवाज बाहेर जाईल. विमलबाई दारामागे जमिनीवर बसली होती आणि तिला माहीत होतं, तो आता दाराकडे बघत नाहीये, दारामागे ती कुठे बसली असेल त्या जागेकडे बघतोय.

पोलीस आले तेव्हाही तो तिथेच होता. "रस्ता सरकारी हाय," तो त्यांना म्हणाला. "माजी आई आत हाय. आईला न्यायला आलोय." त्यांनी त्याला गाडीत बसवलं. विमलबाईने त्याच रात्री, वैशालीच्या स्वयंपाकघरात बसून, जबाब दिला. फोन मी केला, हे पहिलं वाक्य. धोंडुबाईचा नळ, बोंबील, सगळं.

तो जामिनावर सुटला. मॅडमनी सांगितलं होतं तसंच. फक्त आता वरसेला आणि गावात जायची त्याला मनाई होती. विमलबाई साहिलकडेच राहिली. गावचे दोन जण येऊन गेले. आईने पोराविरुद्ध जबाब द्यायचा, हे कुठे ऐकलंय, असं म्हणाले. साहिलने त्यांना चहा दिला आणि दारापर्यंत सोडलं.

कोर्टात तारखेला निकेश समोरच्या बाकावर बसला होता. स्वच्छ पांढरा शर्ट, दाढी केलेली, जरा वाळलेला. मध्ये फक्त व्हरांडा. विमलबाई दिपिका आणि वैशालीच्या मध्ये बसली होती. त्याने वकिलाशी बोलणं थांबवलं, तिच्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं,

"आये, जेवलीस का?"

इतक्या दिवसांत तिला तेच एक वाटत होतं, की त्याने काही खाल्लं असेल का. ती उठणार होती, खरंच उठणार होती. दिपिकाला ते कळलं असावं. पण तिने सासूला धरलं नाही, काही बोललीही नाही. तिचा चेहरा मात्र त्या दुपारी खोलीतून बाहेर आली होती तेव्हासारखा पांढरा झाला.

विमलबाई बसून राहिली. शिपायाने नाव पुकारलं. ती त्याच्या समोरून गेली, लुगडं त्याच्या गुडघ्याला घासलं, आणि तिने वर बघितलं नाही.

आत न्यायाधीश बाईंनी विचारलं, "तुम्हाला त्याची भीती वाटते?"

"व्हय," विमलबाई म्हणाली.

"आत्ता इथेसुद्धा?"

"इथंसुद्धा."

आदेश त्या दिवशी नाही, पुढच्या तारखेला झाला. निकेशला दिपिका आणि दिशाजवळ फिरकायचं नाही, आणि आईच्या घरात राहायचं नाही. त्याने जेटीजवळ खोली घेतली. खटला अजून चालू आहे. दिपिका वरसेलाच आहे, प्लास्टर निघाल्यावर ती एका औषधाच्या दुकानात कामाला लागली. हाताला अजून कळ येते, पण जड खोकी ती डाव्या हाताने उचलते.

विमलबाई पावसाळ्याच्या तोंडावर गावी परत गेली. दाराला साहिलने आतून लोखंडी अडसर बसवून दिला. धोंडुबाई रात्री झोपायला येते. दोघी लवकर जेवतात, दिवा लावून ठेवतात. पुलावरून मोटारसायकल आली की दोघींचं बोलणं थांबतं. ती घरावरून पुढे जाईपर्यंत दोघी गप्प बसून राहतात, मग धोंडुबाई विचारते, "काय सांगत होतीस गो?" आणि विमलबाईला बहुतेक वेळा आठवत नाही.